मागची खुंटी

नदीचा काठ आला की भाऊ आधी खिशातून कंगवा काढायचे. भांग नीट पाडायचे, कंगवा झटकून परत खिशात ठेवायचे आणि मग त्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी सरळ मातीत पालथे पडायचे. सरपटत सरपटत छातीपर्यंतचं अंग काठाबाहेर काढायचे, मान खाली सोडायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "साहेब, पाय पकडा."

साहेब म्हणजे मी. मी इंजिनिअर, ते खलाशी. खलाशी म्हटल्यावर डोळ्यांपुढे होडी आली असेल तर ती बाजूला ठेवा. आमच्या मोजणीच्या कामात खलाशी म्हणजे पट्टी धरून उन्हात उभा राहणारा, खुंट्या ठोकणारा, दुर्बीण खांद्यावरून वाहून नेणारा माणूस. भाऊंना तर पोहताही येत नव्हतं.

दोन-तीन मिनिटं ते तसे उलटे लटकलेले असायचे आणि मी त्यांचे घोटे दोन्ही हातांनी आवळून मागे बसलेला असायचो. त्यांच्या बुटांचं पॉलिश माझ्या मनगटांना लागायचं. मग "ओढा" म्हणायचे. वर आले की केसांतली माती झाडून पुन्हा भांग पाडायचे आणि म्हणायचे, "पाहून घेतलं." तो भांग पूर्ण होईपर्यंत काय पाहिलं ते सांगायचे नाहीत.

आमच्या गाडीत आणखी दोन-तीन धडधाकट माणसं असायची. त्यांतला एखादा पुढे आला की भाऊ म्हणायचे, "तू राहू दे. साहेबच पायजे." माझ्या हाताखालच्या माणसानं सगळ्यांदेखत मला असं मातीत बसवावं, याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला होता. गडी मला माझी जागा दाखवतोय, असं मला वाटायचं.

सरळच सांगतो. मला भाऊंचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्यापेक्षा तुमचा हुद्दा मोठा, शिक्षण जास्त, आणि तरी तो आत आला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. अशा माणसाचा राग करता येत नाही, कारण त्यानं काही केलेलंच नसतं.

ते बडनेऱ्याचे. वडील रेल्वेत होते. ऑफिस अकोल्याला, त्यामुळे भाऊ रोज रेल्वेनं अपडाउन करायचे आणि गर्दीतून आले तरी शर्टाला सुरकुती नसायची. शेती त्यांच्या घरात कोणी केलेली नव्हती. नदी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती नोकरीला लागल्यावर, असं ते स्वतःच सांगायचे. म्हणजे मातीतच वाढलेला माणूस, त्याला उपजतच कळणार, अशी माझी समजूत काढायचीही सोय नव्हती. मी कॉलेजात चार वर्षं जे शिकलो ते या माणसानं पट्टी धरून उभ्या उभ्या शिकून घेतलं होतं, आणि वर माझ्यापेक्षा बरं.

एकदा मुंबईहून एक मोठे साहेब पूर्णेचा काठ बघायला आले. मे महिना होता. आपल्याकडची काळी माती उन्हात कशी फाटते ते तुम्हाला सांगायला नको, हात जाईल एवढ्या भेगा. साहेब त्या भेगा बघून हबकले आणि मला म्हणाले, "अहो, हा सगळाच काठ जाणार की." मी तत्परतेनं मान डोलावली. मागून आवाज आला, "बरं हाय. पन पाहून घेऊ."

हे भाऊंचं ठरलेलं वाक्य. कोणी काही म्हणो, आधी "बरं हाय", मग "पन". त्यांनी त्या पाहुण्याला चार पावलं नेलं आणि बुटाच्या टोकानं दाखवलं. "हे उन्हाच्या भेगा हायेत साहेब. आडव्या-तिडव्या, जाळीवानी. पानी पडलं का बुजतीन. नदीची भेग अलग रायते. ते नदीच्या संगं संगं जाते, अन् तिचा एक काठ खाली बसलेला रायते. वरतून दिसते ते उन्हाचं, नदी खालून खाते. म्हनून खाली पाहा लागते."

परत येताना साहेबांनी भाऊंना गाडीत पुढे बसवलं. मी मागे, मोजायची पट्टी मांडीवर आडवी घेऊन. अकोला येईपर्यंत ते दोघं बोलत होते आणि प्रत्येक खड्ड्याला ती पट्टी माझ्या बरगडीत रुतत होती.

घरीही सुटका नव्हती. एकदा भाऊ एक नकाशा द्यायला घरी आले, अर्धा कप चहा घेऊन गेले. तेव्हापासून मी संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की बायको विचारायची, "आज भाऊंनी काय पाहिलं?" मी काय पाहिलं, हे तिनं कधी विचारलं नाही. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही पाय धरून बसलेले असता ना?"

आता त्या गावाबद्दल. पूर्णेच्या वळणावर आहे, नाव सांगत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदीची धार काठावर आदळते आणि तिथेच, काठाला लागून, सात घरांची एक ओळ होती. काठ टिकणार की जाणार, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. जाणार असेल तर पावसाळ्याआधी ती सात घरं रिकामी करायची, टिकणार असेल तर माणसं आहेत तिथे राहतील. मेअखेर अहवाल द्यायचा होता.

ओळीतलं शेवटचं घर एका मावशींचं. एकट्याच राहायच्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नकाशा पसरून काठ समजावून सांगितला, चांगला पंधरा मिनिटं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाऊंकडे वळल्या. "भाऊ, तुमी सांगा. राहू का जाऊ?"

"साहेब मोजून राहिले ना बाई," भाऊ म्हणाले.

"ते मोजतीन. तुमी पाहा."

मग मला म्हणाल्या, "साहेब, संक्रांतीपासून माहं मांगचं दार लागत नाई." मी म्हणालो, लाकूड फुगलं असेल. मार्च संपत आला होता, ऊन रणरणत होतं. लाकूड फुगायचे ते दिवस नव्हते, हे मला बोलून झाल्यावर कळलं. भाऊंनी ते ऐकलं आणि खिशातून कंगवा काढला.

त्याच दिवशी खुंट्या ठोकायच्या होत्या. पद्धत सोपी आहे. काठापासून ठरावीक अंतरावर खुंट्यांची ओळ ठोकायची आणि दर पंधरा दिवसांनी खुंटीपासून काठाच्या कडेपर्यंत टेप लावायचा. अंतर कमी झालं तर काठ गेला, तेवढंच राहिलं तर काठ शाबूत. मी घरं आणि नदी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, कडेपासून वीस फुटांवर ओळ आखली.

भाऊ हातोडा घेऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, एक खुंटी मांगे घेऊ. घराइच्या मांगे, त्या निंबापाशी. तिथून या खुंटीलेबी मोजू."

"गरज नाही," मी म्हणालो.

"बरं हाय. पन..."

"भाऊ, गरज नाही म्हटलं ना."

सूचना चांगली होती. हीच गोष्ट चहाच्या टपरीवरच्या कोणी सांगितली असती तर मी ऐकली असती. पण ती भाऊंची होती, आणि मावशींनी दहा मिनिटांपूर्वी माझा नकाशा बाजूला सारून त्यांना विचारलं होतं. तेवढ्यासाठी मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माझ्या खुंट्या मात्र अगदी ओळंब्यात ठोकल्या.

एप्रिल, मे. चार वेळा टेप लावला. चारही वेळा वीस फूट, बोटभरही फरक नाही. मला झालेला आनंद काठ टिकल्याचा नव्हता, हे मी त्याच वेळी ओळखून होतो. मी अहवाल लिहिला, काठ स्थिर आहे, घरं हलवण्याचं कारण नाही, आणि तो भाऊंना मुद्दाम वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "बरं हाय," म्हणाले, आणि या वेळी "पन" आलाच नाही. मला वाटलं, जिंकलो.

मावशींनाही मीच जाऊन सांगितलं, "राहा बिनधास्त." त्यांनी सवयीनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ खाली वाकून बुटाची लेस बांधत होते, आणि ते काम त्यांना बराच वेळ पुरलं.

अहवाल पाठवायच्या दोन दिवस आधी भाऊ माझ्या टेबलापाशी आले. दार लावून घेतलं. खिशातून घडी केलेला कॅलेंडरचा कागद काढला आणि त्याची मागची बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीनं लिहिलेली मापं होती. सात रविवार, सात मापं. प्रत्येक माप आधीच्यापेक्षा थोडं मोठं, आधी बोटभर, मग दोन बोटं, शेवटच्या रविवारी वीतभर.

"निंबापाशी एक लोखंडी खुंटी ठोकली होती म्या," ते म्हणाले. "तिथून बोळीतून तुमच्या खुंटीपावतर टेप लावला. दुसरं टोक बाईनं धरलं. तुमची मोजनी बरोबर हाय साहेब, तिच्यात खोट नाई. खुंटीच चालून राहिली."

मला एका क्षणात कळलं. काठाचा अख्खा तुकडा घरांच्या पायासकट नदीकडे सरकत होता, आणि माझ्या खुंट्या त्याच तुकड्यावर बसून त्याच्यासोबत चालल्या होत्या. खुंटीही चालली, कडही चालली, मग दोघांमधलं अंतर बदलणार कसं? फाटलेली भेग कुठे असेल तेही भाऊंनी पाहून ठेवलं होतं, घरांच्या मागे, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाखाली. मावशींचं दार त्या भेगेवर होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहितोय. सात घरं आली नाहीत. मावशी आल्या नाहीत. आलं ते एवढंच, की हे यानं पाहिलं आणि मी पाहिलं नाही. मी कागद उचलला, "बघतो" म्हणालो आणि ड्रॉवरमध्ये टाकला. भाऊ म्हणाले, "बरं हाय." आणि गेले.

तो कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये होता. मी त्या टेबलाशी बसून जेवलो, सह्या केल्या, चहा प्यायलो. पेन्सिलीची मापं, रविवारची, परवानगी न घेता केलेली, ती कोण धरणार, असं स्वतःला सांगत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूनं अहवाल मागितला तेव्हा मी जुनाच द्यायला काढला होता. तेवढ्यात फोन वाजला. मावशी होत्या.

"साहेब, भाऊ म्हनले, साहेब येतीन, सोता पाहून घेतीन, मंग सांगतीन. म्या भांडेकुंडे बांधून ठेवले. तुमी कवा येता?"

ड्रॉवरमध्ये कागद टाकताना बघूनही या माणसानं तिकडे माझ्या नावानं शब्द देऊन ठेवला होता. मावशींचा माझ्यावर जो काही विश्वास होता तोही भाऊंनीच मिळवून दिलेला. मी बाबूला थांब म्हणालो आणि भाऊंना घेऊन निघालो.

काठावर भाऊंनी नेहमीसारखा भांग पाडला, कंगवा खिशात ठेवला आणि पालथे पडले. "साहेब, पाय पकडा." मी घोटे धरले. ते पुढे सरकले, मान खाली घातली, आणि त्यांच्या छातीखालची जमीन वीतभर खाली बसली.

आवाज फारसा झाला नाही. माझ्या गुडघ्यासमोर एक काळी फट उघडली आणि भाऊंचं अर्धं अंग तिच्या पलीकडे होतं. त्या वेळी मागे उडी मारायला हवी होती, कोणीही मारली असती. पण माझ्या अंगातली ताकदच गेली होती. फक्त हात तेवढे राहिले होते, आणि ते उघडतच नव्हते. भाऊ "ओढा" म्हणाले. मी ओढलं. ते फटीवरून घासत अलीकडे आले आणि थोड्या वेळानं तो तुकडा सावकाश खाली गेला. खाली पाण्याचा आवाज झाला.

भाऊ उठून बसले. शर्टाची पुढची बाजू फाटली होती. त्यांनी सवयीनं खिशात हात घातला. कंगवा नदीत गेला होता. मग हातानंच केस बसवले आणि म्हणाले, "पाहून घेतलं. खाली काहीच नाई साहेब. पोकळ हाय." माझे हात त्यांच्या घोट्यांवरून सोडवायला त्यांना मदत करावी लागली.

त्याच दिवशी अहवाल बदलला. पावसाळ्याआधी सातही घरं शाळेत हलवली. जुलैच्या पुरात मावशींचं घर गेलं, ते न लागणारं दार आधी आणि बाकीचं मागून. घरात कोणी नव्हतं.

पुढे बैठकीत मोठ्या साहेबांनी माझं कौतुक केलं. "मागची खुंटी ठोकायचं कसं सुचलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. अहवालात मी निंबापासूनची मापं दिली होती, ती कोणी घेतली ते लिहिलं नव्हतं. भाऊ दाराशी नकाशांची गुंडाळी घेऊन उभे होते. मी म्हणालो, "अनुभव, सर." टाळ्या वाजल्या. भाऊंनीही गुंडाळी काखेत धरून वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. मला त्या टाळ्यांचाही हेवा वाटला. माझ्याच्यानं तशा वाजल्या नसत्या.

त्या अहवालातली मागची खुंटी माझी नव्हती. इतकी वर्षं हे मी कुठे बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही, कारण तिनं ते ओळखलंच असणार.

भाऊंच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना एक कंगवा दिला. बाकीचे हसले. भाऊंनी तो लगेच वापरला, खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "बरं हाय साहेब." माफी मागायची असं ठरवून मी त्यांच्यासोबत स्टेशनापर्यंत चालत गेलो. उन्हाबद्दल बोललो, गाडीच्या वेळेबद्दल बोललो. गाडी आली, ते गेले.

वर्षभरातच ते वारले. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि संपलं. मी बडनेऱ्याला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली भाऊंचा फोटो आणि फोटोपुढे मी दिलेला कंगवा. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुमीच का ते साहेब? पाय पकडनारे?"

मी हो म्हणालो.

"मले भेव वाटे तेइच्या कामाचं. म्या म्हनो, असे लटकता, कोनी पाय सोडले तं? तं म्हनत, मी दुसऱ्या कोनाले पकडूच देत नाई. बाकीचे पोट्टे बिनधास्त हायेत, गप्पा मारता मारता एक हात सोडतीन. आपले साहेब भितरे हायेत. भितरा मानूस हात सोडत नाई." मग त्यांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. "राग नोका मानू साहेब. ते चांगल्याच्यानं म्हनत."

मी म्हणालो, राग नाही. मी इतकी वर्षं त्यांच्यात काय काय पाहिलं ते मनात मोजून ठेवलं होतं. त्यांनी माझ्यात काही पाहिलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात त्या गावाला पुन्हा गेलो. घरांची जागा आता नदीत आहे. निंब उभा आहे, लोखंडी खुंटीही आहे, आणि काठ तिच्यापासून पंधरा पावलांवर आला आहे. गावाच्या नव्या टोकाला मावशींचं नवं घर आहे. दार नीट लागतं, त्यांनी मला दोनदा लावून दाखवलं. मग विचारलं, "भाऊ नाई आले?" त्यांना कोणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून पायरीवरच बसल्या. मी गेल्यावर माझ्यासाठी असं कोण बसेल, हे तेव्हाही माझ्या मनात येऊन गेलं. सवय जात नाही.

माझ्यासोबत चार नवे इंजिनिअर होते. त्यांनी ड्रोन उडवला, छान चित्रं आली, वरून. ते म्हणाले, "सर, काठ ठीक दिसतोय."

"बरं आहे," मी म्हणालो. "पण पाहून घेऊ."

मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पालथा पडलो. त्याआधी चौघांकडे नीट पाहून घेतलं होतं. तिघं हसत पुढे आले. चौथा, एक चष्मेवाला मुलगा, काठापासून लांब, निंबाला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणालो, "तुम्ही पाय पकडा."